सहाशेच्या घरातली दुखणी

विंडोजने फोनवरच्या आणि व्हीपीएनच्या जोडणीतल्या बिघाडांना क्रमांक देताना मोजणी ६०० पासून सुरू केली. ६१९, ६७८, ६९१, ७२० करत ती गाडी आठशेच्या पुढे जाते. हे सगळे आकडे अर्थासह पाठ असलेला माणूस कुठेतरी असेलही. महाराष्ट्रात २००० च्या मागेपुढे ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्यांच्यात मात्र ते वापरण्याची रीत एकच होती. गिऱ्हाईक फोन करून सांगायचं, "सहाशे अठ्ठ्याहत्तर येतंय." पलीकडचा विचारायचा, "मोडेम बंद करून परत चालू केलात का?" आकडा ७२० असता तरी प्रश्न हाच असता. मग तो म्हणायचा, "आता लावून बघा." हे सांगणं ज्या फोनवरून ऐकू येत होतं तोच फोन नेट लावायलाही लागायचा, ही अडचण कुठल्याच क्रमांकात बसवलेली नव्हती.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्यानंतर नऊच दिवसांनी, २४ ऑगस्टला, अमेरिकेत विंडोज ९५ बाजारात आलं. म्हणजे जोडणी आणि ती न झाल्याचं कळवणारी चौकट, दोन्ही एकाच पंधरवड्यातल्या. सुरुवातीचा वेग होता ९.६ केबीपीएस आणि दर २५० तासांना ५,००० रुपये. त्या पैशांत चित्रं नव्हतीच, नुसती अक्षरं दिसायची. त्या वेगाने एक एमबीची फाइल उतरवायला, मध्ये काहीही न बिघडता, पंधराएक मिनिटं लागत. मध्ये काही बिघडलं नाही असं फारसं व्हायचं नाही. लोक इतके आले की लाइन मिळेना, आणि मागणीचा अंदाज चुकला हे निगमचे तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी जाहीरपणे मान्य केलं. सरकारी कंपनीच्या अध्यक्षाने अशी कबुली देणं हाही त्या काळातला एक दुर्मीळ सिग्नलच. त्याच सुमारास मलबार हिलवर राहणारे शम्मी कपूर इंटरनेट वापरणाऱ्यांची संघटना बांधत होते. पडद्यावर त्यांनी मानेला दिलेले झटके ज्यांनी पाहिले होते, त्यांना हा माणूस मोडेम लागेपर्यंत खुर्चीत शांत बसतो हे पटवून देणं अवघड गेलं असेल.

मोडेमचा तो आवाज आता लोक मोबाइलच्या रिंगटोनला लावतात. त्यातला प्रत्येक तुकडा कामाचा होता. आधी डायलटोन, मग नंबराची टिणटिण. मग पलीकडून २१०० हर्ट्झची एक लांब शिट्टी यायची. माणसांना स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून टेलिफोनवाल्यांनी वाटेत बसवलेली यंत्रं त्या शिट्टीने बंद व्हायची. नंतरची खरखर म्हणजे दोन मोडेमनी एकमेकांना ओळखीचे आवाज ऐकवून, मधली तार किती खराब आहे याचा घेतलेला अंदाज. तो घेऊन झाला की स्पीकर बंद. रात्री बाराला नेट लावणारी मुलं या आवाजावर उशी ठेवत असत. सेटिंगमध्ये एटीएम०, म्हणजे इंग्रजी ए, टी, एम आणि शून्य, एवढं लिहिलं असतं तर मोडेम गप्प बसला असता. पण ती आज्ञा माहीत असलेला इसम आणि रात्री उशी दाबणारा इसम सहसा एका घरात नसे.

पहिलं मोठं दुखणं म्हणजे ६८०: डायलटोन नाही.

यात गंमत अशी, की फोन उचलून कानाला लावला तर डायलटोन खणखणीत ऐकू यायचा. तो माणसाला ऐकू यायचा. मोडेमला यायचा नाही. अमेरिकेतला डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा मिळून होतो, भारतातला ४०० हर्ट्झच्या आसपासचा, थोडा थरथरता. अमेरिकी कानाच्या मोडेमला इथला डायलटोन कधी कधी डायलटोन वाटतच नसे. इलाज सोपा होता. 'डायल करण्यापूर्वी टोनची वाट पाहा' या वाक्यासमोरची खूण काढायची, किंवा एटीएक्स३ ही आज्ञा द्यायची. म्हणजे मोडेमला सांगायचं की बाबा रे, ऐकू येवो न येवो, तू नंबर फिरव. जुनं एक्स्चेंज असलेल्या गावात आणखी एक पायरी असे. टोनच्या जागी पल्स निवडावं लागे, आणि मग मोडेम जुन्या तबकडीच्या फोनसारखा कटकट-कटकट करत एकेक आकडा मोजायचा. नंबरात नऊ आणि शून्य जास्त असले की तेवढ्यात पाणी पिऊन येता येई.

नंबर लागला, खरखर संपली, कोपऱ्यात दोन चिमुकले कॉम्प्युटर लुकलुकायला लागले की मग आजी आतल्या खोलीतला पॅरलल फोन उचलायची. "अरे, फोनमध्ये काहीतरी किंचाळतंय!" त्या एका वाक्याच्या आवाजाने इकडची जोडणी तुटायची, आणि विंडोज ६२९ क्रमांकाने कळवायचं की पलीकडच्या कॉम्प्युटरने जोडणी तोडली. पलीकडच्या कॉम्प्युटरचा यात काडीचा दोष नसे. कॉल वेटिंगची टुकटुक हा दुसरा शत्रू. ती बंद करायला विंडोजमध्ये खास चौकट होती, आणि तिथे सुचवलेला स्टार-सत्तर हा आकडा अमेरिकेतल्या एक्स्चेंजचा होता. इथे तो निमूटपणे निवडणाऱ्यांची पहिली काही डायलिंगं कुठे पोचली असतील कोण जाणे.

पावसाळ्यात तार बोलायची. जमिनीतल्या केबलच्या सांध्यात पाणी शिरलं की फोनवर भजी तळल्यासारखी चरचर यायची, आणि मोडेम बिचारा एकेक पायरी खाली उतरत जायचा. तसाही ५६ केचा मोडेम ५६ केने कधी चाललाच नाही. सिग्नलच्या ताकदीवरच्या नियमामुळे अमेरिकेतच त्याची कमाल ५३.३ होती, आणि तीही एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तार चांगली असेल तर. तक्रार केली की लाइनमन यायचा, डीपी उघडायचा, पेअर तपासायचा, कानाला फोन लावायचा आणि विचारायचा, "काका, हॅलो ऐकू येतंय ना? मग लाइन ओके आहे." त्याच्या परीने ते खरंच होतं. ती तार माणसांच्या हॅलोसाठी, ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यासाठी टाकलेली. त्याच चिंचोळ्या वाटेवरून कुणी सिनेमाचे फोटो मागवेल हे तिच्या नेमणूकपत्रात नव्हतं.

सगळ्या दुखण्यांचं मूळ तिथेच आहे. कॉम्प्युटरपासून इंटरनेटपर्यंतची वाट सरकारी कचेरीतल्या फायलीसारखी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. कॉम्प्युटरचं टेबल, मोडेमचं, तारेचं, एक्स्चेंजचं, इंटरनेट देणाऱ्याचं, पासवर्ड तपासणाऱ्याचं. फाइल अडली की प्रत्येक टेबल आपला शिक्का दाखवतं: आमच्याकडून गेली. विंडोज पहिल्या टेबलावर बसलेला. पुढे काय झालं ते त्याला दिसत नाही, पण गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि शेरा तर मारायचाय. म्हणून तो सगळ्यात जवळचा आकडा लिहून देतो, आणि शक्यतो दोष गिऱ्हाइकाकडे राहील असा.

याचा राजा ६९१. इंग्रजी मजकुराचा अर्थ: युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे, म्हणून प्रवेश नाकारला. आता पासवर्ड तपासणारा सर्व्हर उत्तर देतो ते दोनच प्रकारचं, हो किंवा नाही. का नाही, ते विंडोजच्या चौकटीत सहसा उमटत नाही. तास संपले असतील, खातं बंद असेल, तेच खातं दुसरीकडे चालू असेल, कॅप्सलॉक दाबला गेला असेल. चौकटीत पासवर्डच चुकतो. बाप मुलाला विचारायचा, "बदललास का?" मुलगा म्हणायचा, "मी हातही लावला नाही." पासवर्ड टाइप करताना चौकटीत नुसत्या चांदण्या दिसायच्या, त्यामुळे पुरावा कुणाकडेच नसे.

जुन्या कॉम्प्युटरची काही दुखणी तर तारेपर्यंत पोचायचीच नाहीत. कॉम १ आणि कॉम ३ ही दोन दारं एकाच घंटीवर, म्हणजे आयआरक्यू ४ वर चालायची. कॉम १ ला माउस आणि कॉम ३ ला मोडेम असला की नंबर लागताना माउस गोठायचा आणि माउस हलवला की मोडेम लटकायचा. दोघांपैकी एकाची बदली दुसऱ्या घंटीवर करावी लागे, आणि ती करायला मेनू उघडायचा तर माउस लागे. ६३३ म्हणायचा, मोडेम आधीच वापरात आहे. घरात तर कुणी वापरत नसे. मग शोध घेता घेता कळायचं की कुणीतरी हौसेने टाकलेला फॅक्सचा प्रोग्राम, येणार नसलेल्या फॅक्सची वाट पाहत मोडेम अडवून बसलाय. कोकणात वळवाच्या विजा मोडेमला थेट फोनच्या तारेतून गाठायच्या. टीव्हीची वायर काढणाऱ्या, फ्रिजची पिन काढणाऱ्या घरांतही भिंतीतली फोनची पिन काढायचं ध्यानात नसे.

दुरुस्तीला येणाऱ्या पोराकडे उपायांची ठरलेली उतरंड असायची. आधी जोडणीचं चित्र पुसून नवं करायचं. मग मोडेमचा ड्रायव्हर. मग टीसीपी-आयपी काढून पुन्हा टाकायचं. यावर विंडोज ९८ हमखास स्वतःची सीडी मागायचं, आणि ती सीडी दुकानदाराने दिलेलीच नसायची. एक्स्पी आल्यावर ती वाट बंद झाली, कारण त्यात टीसीपी-आयपी काढताच येत नाही. तिथे काळ्या खिडकीत 'नेटश इंट आयपी रिसेट' असा मंत्र लिहावा लागे. यातून खरंच बरं वाटायचं, विशेषतः ७२० ला. मंत्र कसा चालतो हे पोराला ठाऊक नसे, पण कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत ते कधीच आडवं आलेलं नाही.

डायलअप गेलं तसे हे आकडेही जातील असं वाटलं होतं. २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं, टेलिफोन कंपन्यांची आणि केबलवाल्यांची नवी जोडणी घरोघर आली. पण तिच्यात आत शिरण्याची रीत जुनीच राहिली: युजरनेम, पासवर्ड आणि 'डायल' लिहिलेलं बटण. फोन नाही, नंबर नाही, डायल मात्र करायचं. त्यामुळे ६७८ आणि ६९१ दोघंही नव्या घरात सामानासह राहायला आले. पुण्या-मुंबईत ६९१ चा अर्थ एव्हाना सगळ्यांना कळला होता: केबलवाल्याचे पैसे राहिलेत. ६७८, म्हणजे पलीकडून उत्तर नाही. पलीकडे म्हणजे कुठे, तर बरेचदा शेजारच्या सोसायटीच्या जिन्यात टांगलेल्या एका स्विचच्या डब्यात. त्या सोसायटीची वीज गेली की इकडच्या घरात दिवे-पंखे व्यवस्थित चालू असताना इंटरनेट बंद. "दादा, आमच्याकडे लाइट आहे," हे केबलवाल्याला सांगून उपयोग नसे. विंडोज ७ ने ६७८ च्या जागी ६५१ दाखवायला सुरुवात केली आणि पाठ केलेलं एक फुकट गेलं. आणखी एक प्रकार होता, त्याला आकडाच नव्हता. जोडणी झाली म्हणून सांगायचं, एखादी साइट उघडायची, बँकेची उघडायची नाही. या जोडणीत दर पाकिटामागे आठ बाइट वेष्टनाला जातात, १५०० ची जागा १४९२ वर येते, आणि वाटेतल्या कुणी पाकीट मोठं असल्याची सूचना अडवून ठेवली तर मोठी पाकिटं गुपचूप हरवतात. एवढं कळेपर्यंत माणूस बँकेशी भांडून आलेला असे.

व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून घेण्याचं साधन, आलं तेव्हा विंडोजने त्यालाही फोनच समजून घेतलं. ही थट्टा नाही. आजच्या विंडोजमध्येही व्हीपीएनच्या नोंदी रासफोन नावाच्या फाइलीत साठतात, तिचं शेपूट पीबीके आहे, म्हणजे फोनबुक. आणि कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता त्यात ज्या रकान्यात लिहिला जातो त्याचं नाव 'फोन नंबर'. सगळा कारभार अदृश्य फोनचा, म्हणून शेरेही त्याच वहीतले.

जुन्या एक्स्पीवरून ऑफिसला जोडणाऱ्यांचा जीव खाल्ला तो ७२१ ने. तेव्हाच्या पीपीटीपी पद्धतीत फायलीचे दोन भाग होत. वर्दी १७२३ क्रमांकाच्या दारातून जायची, खरा ऐवज जीआरई नावाच्या वेगळ्या वाहनातून, ज्याचा प्रोटोकॉल क्रमांक ४७. घरच्या राउटरला १७२३ माहीत असे. ४७ त्याच्या टेबलावर आलं की तो खिडकी लावून घेई, कारण जीआरईला दाराचा क्रमांकच नसतो आणि आलेलं सामान घरातल्या कुणाचं हे त्याला कळत नाही. आता नेमका पासवर्ड या ४७ मधूनच जायचा. त्यामुळे पडद्यावर 'युजरनेम आणि पासवर्ड तपासत आहे' ही ओळ येऊन थांबायची, अर्धं मिनिट तशीच उभी राहायची, आणि पाहणाऱ्याला साहजिकच वाटायचं की पासवर्ड चुकला. तो तीनदा सावकाश, अक्षरं पुटपुटत लिहून झाला की मग शेरा यायचा, पलीकडचा प्रतिसाद देत नाही. राउटरमध्ये 'पीपीटीपी पासथ्रू' अशी एक खूण करून हे सुटे. तेही सगळ्यांसाठी नाही. नवरा-बायको एकाच कंपनीत असतील, तर एकाच राउटरमागून एकाच सर्व्हरला दोघं एका वेळी जोडली जातीलच याची खात्री नसे. तिचं लागलं की त्याचं पडे. हिंजवडीच्या जोडप्यांनी यावर काय तोडगा काढला ते त्यांच्या त्यांच्या घरात राहिलेलं बरं.

७४२ ची कथा राजकारणाची. सांकेतिकरणाचा प्रकार जुळत नाही, असं तो सांगतो. जानेवारी २००० पर्यंत अमेरिकेच्या निर्यात नियमांत भक्कम कुलुपांवर बंदी होती, त्यामुळे देशाबाहेर जाणाऱ्या विंडोजला ४० किंवा ५६ बिटांची किरकोळ कुलुपं मिळत आणि अमेरिकेतल्या मुख्य कचेरीत १२८ ची असत. इथला इंजिनिअर तारा तपासायचा, आणि अडलेलं असायचं वॉशिंग्टनमध्ये. पुढे विंडोज व्हिस्टाने ती हलकी कुलुपं काढूनच टाकली, तर आता नवा कॉम्प्युटर जुन्या सर्व्हरसमोर ७४२ म्हणायला लागला. नंतरच्या एल२टीपी पद्धतीत राउटरमागे ८०९ यायचा. त्यावरचा इलाज रजिस्ट्रीत एक नोंद करण्याचा होता आणि तिचं नाव होतं अझ्यूमयूडीपीएन्कॅप्सुलेशनकॉन्टेक्स्टऑनसेंडरूल. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. किंमत द्यायची २, आणि मग कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा. तो केला नाही म्हणून 'इलाज चालत नाही' म्हणणारेही पुष्कळ.

जुन्या कॉम्प्युटरचं सगळ्यात बिलंदर दुखणं मात्र एका नाण्याएवढ्या सेलचं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ संपला की कॉम्प्युटर दर सकाळी आपली तारीख विसरतो आणि कित्येक वर्षं मागे जाऊन उठतो. प्रमाणपत्र तपासणारं व्हीपीएन म्हणतं, या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाने पाहिलं तर व्हीपीएनचं म्हणणं बरोबर असतं. माणूस प्रमाणपत्र नवं मागवतो, ते तर आणखी भविष्यातलं निघतं. आयटी विभाग प्रोग्राम काढून पुन्हा टाकायला सांगतो. उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं, पण कामाच्या वेळी घड्याळाकडे पाहू नये हा संस्कार पक्का.

जोडणी लागली तरी सुटका नसे. 'पलीकडच्या नेटवर्कचा डीफॉल्ट गेटवे वापरा' ही खूण आपोआप केलेलीच यायची. म्हणजे घरची सगळी ये-जा ऑफिसमधून वळवायची. व्हीपीएन लागलं की घरचं इंटरनेट बंद पडलं असं वाटायचं, किंवा त्याहून वाईट म्हणजे चालू राहायचं, आणि क्रिकेटचा स्कोअर कंपनीच्या सर्व्हरमधून फिरून यायचा. दुसऱ्या दिवशी साहेब सहज विचारायचे, "काय, हरलो ना काल?"

२०१२ मध्ये सुरक्षा-संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइकने पीपीटीपीमागची पासवर्डची पद्धत चोवीस तासांच्या आत फोडता येते हे दाखवून दिलं, आणि ज्या ४७ साठी लोकांनी एवढे राउटर बदलले ते वाहन भंगारात निघालं. एक्स्पीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली. अमेरिकेत एओएलने आपली डायलअप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली, तेव्हा ती अजून चालू होती हीच पुष्कळांना बातमी वाटली. विंडोजला मात्र कुणी कळवलेलं दिसत नाही. विंडोज १० च्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'फोन अँड मोडेम' हे चित्र आहे. त्यावर पहिल्यांदा क्लिक केलं, की पुढे काहीही दाखवण्याआधी ते विचारतं: तुमचा देश कोणता, एरिया कोड काय, बाहेरची लाइन मिळवायला आधी कुठला आकडा फिरवावा लागतो, आणि फोन टोनचा आहे की पल्सचा.